मत्स्यपेटीतील पाण्याची प्रकृती

दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची मत्स्यपेटीही निघते. उत्साही नातवंडे सगळे पाणी ओतून टाकतात, खडे खळखळून धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळतात. काच लखलखते, आणि चार-पाच दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात. ज्यांचा दिवस माशांना दाणे टाकण्याने उजाडतो, त्या वृद्धाच्या दृष्टीने ही घटना किरकोळ नसते. ‘दुसरे आणू’ असे सांत्वन तर मुळीच करू नये.

घडते काय? मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेले दाणे कुजूनही तोच तयार होतो. तो विषारी. स्पंजावर आणि खड्यांवर वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. मधला नायट्राइटही घातकच, कारण तो माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावतो. तेव्हा तो मळकट स्पंज म्हणजे पेटीचे मूत्रपिंडच होय. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली तो धुतला की जिवाणूंची वसाहत उद्ध्वस्त होते, आणि नवी रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज धुवायचाच तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच हलवावा.

चेहरा पाहून क्रिएटिनिन कळत नाही, तसेच नितळपणा पाहून अमोनिया कळत नाही. मत्स्यपालनाच्या दुकानांत थेंब टाकून रंग पाहण्याचे तपासणी संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. सामूही पाहावा, कारण तो ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. विंधनविहिरीच्या जड पाण्याचा सामू अनेकदा आठच्या आसपास असतो. तो औषधे ओतून उतरवण्याचा खटाटोप मला पसंत नाही. सामूची चढउतारच माशाला अधिक सोसत नाही. अशा घरी गप्पी, मोली यांसारखे जड पाण्यात रमणारे मासे पाळावेत.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे. साठ लिटरच्या पेटीत ते पंधरा लिटर होते. पाच-पाच लिटरच्या तीन छोट्या बादल्या, त्याही मध्ये विसावा घेऊन. भरलेली मोठी बादली ज्येष्ठांनी उचलू नये. पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवले की क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन मात्र उडत नाही, म्हणून क्लोरीननाशक थेंब घालणे अधिक खात्रीचे. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. हात घालण्यापूर्वी हीटर व फिल्टरचे प्लग काढावेत.

हातावर जखम असल्यास लांब रबरी मोजे घालावेत, मधुमेहींनी तर नेहमीच. पेटीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ हा जिवाणू असू शकतो. त्याची गाठ काही आठवड्यांनी बोटावर उमटते आणि नेहमीच्या मलमाने हटत नाही. डॉक्टरांना घरी मासे असल्याचे आवर्जून सांगावे. एरवी तो प्रश्न विचारला जाईलच असे नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विस्मरण असलेले आजी-आजोबा दिवसातून तीन-चार वेळा दाणे टाकतात, आणि अमोनियाचे मूळ बहुधा तिथेच असते. त्यांना रागावू नये वा त्यांच्याकडून हे काम काढूनही घेऊ नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दाणे टाकल्यावर त्यांच्याच हाताने खूण करवून घ्यावी, आणि दिवसाची चिमूट छोट्या डबीत काढून मोठा डबा वरच्या फळीवर ठेवावा. ही डबी औषधांच्या डब्यांपासून दूर, पेटीशेजारीच असावी.