‘आयएनएस गुलदार’: युद्धनौका मुद्दाम का बुडवायची?

नौदलात ३८ वर्षं काढलेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून तिथे संग्रहालय करायची योजना आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केलेत.

नौका कसली?
पोलंडमध्ये बांधलेली गुलदार १९८५ मध्ये नौदलात आली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणं हे तिचं काम. १२ जानेवारी २०२४ ला ती निवृत्त झाली.

भंगारात का नाही?
निवृत्त नौका बहुधा भंगारातच जातात. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळच विमानवाहू ‘विराट’च्या संग्रहालयाला मंजुरी दिली होती. खर्च होता ८५२ कोटी. ते झालं नाही आणि २०२० मध्ये विराट तोडण्यासाठी अलंगला गेली. गुलदार तिच्यापेक्षा कितीतरी लहान, सुमारे ८४ मीटरची.

फायदा काय?
लोखंडी सांगाड्यावर शेवाळ, शिंपले, प्रवाळ धरतात. त्यामागे मासे येतात आणि माशांमागे स्कूबा डायव्हर. अमेरिकेने २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका अशीच बुडवली.

मग अडचण कुठे?
पहिली, सफाईची. तेल, केबल, विषारी रंग नौकेत राहिले तर ते माशांत उतरतात आणि पुढे आपल्या ताटात येतात. दुसरी, मासेमारीची. सांगाड्याला अडकून जाळी फाटतात. पर्यटनासाठी तिथली मासेमारी बंद केली, तर पारंपरिक मच्छीमारांचं तेवढं पाणी कमी होतं.

नौका बुडायला फार वेळ लागत नाही. तिथले नियम मात्र मच्छीमारांना सोबत घेऊन आधीच ठरवावे लागतील. एकदा तळाशी गेलेली नौका पुन्हा हलवणं सोपं नाही.