लाल टोपीचा वारसा

‘वारसा’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? जुने किल्ले, मशिदी, राजवाडे! उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया या देशातही अशा वास्तू पुष्कळ आहेत. कैरवानची थोरली मशीद तर जगप्रसिद्ध आहे. पण आज मी तुम्हांला तेथील एका टोपीविषयी सांगणार आहे.

या लाल लोकरी टोपीला ‘शाशिया’ म्हणतात. तिची कारागिरी ट्युनिशियात भरभराटीला आणली ती बाहेरून आलेल्या माणसांनी. अंदलुसचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. १६०९ साली स्पेनच्या राजाने तेथे उरलेल्या मुसलमानांच्या वंशजांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. हजारो कुटुंबे घरदार सोडून निघाली. त्यांतील अनेक कुटुंबे ट्युनिशियात आली. त्यांना तेथे आसरा मिळाला. त्यांच्याजवळ फारसे सामान नव्हते. पण हातांत कसब होते. त्यांनी तस्तूरसारखी गावे वसवली आणि टोपीचा धंदा वाढवला.

ही टोपी एका माणसाच्या हातून तयार होत नाही. प्रथम बायका पांढऱ्या लोकरीची मोठी, सैल टोपी विणतात. मग ती गरम पाण्यात व साबणात खूप मळतात. त्यामुळे ती आटते आणि घट्ट होते. काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर मऊ लव आणतात. नंतर ती लाल रंगात रंगवतात आणि साच्यावर बसवून आकार देतात. ही कामे वेगवेगळ्या गावी होत असत. शेवटचा हात ट्यूनिस शहरातील टोपीवाल्यांच्या जुन्या बाजारात फिरतो.

आज मात्र या बाजारातील कारागीर फार कमी झाले आहेत. तरुण मंडळी ही टोपी रोज घालत नाहीत; सणाला, लग्नाला घालतात. कोणी म्हणेल, “टोपीच ती! यंत्रावर हव्या तितक्या बनतील.” बनतील, हे खरे. पण विणणारीपासून रंगाऱ्यापर्यंत जी माणसे या टोपीने एकमेकांशी जोडली होती, ती यंत्र कशी जोडणार? ट्यूनिसचे जुने शहर १९७९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. यादीमुळे भिंती वाचतील. कसब वाचवायचे तर ते शिकणारे आणि ती वस्तू वापरणारे लोकच हवेत.

मला या टोपीत आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. काल जे परके होते, त्यांचीच कला आज साऱ्या देशाची ओळख झाली आहे. आश्रय देणाऱ्याने जागा दिली, आश्रिताने कष्ट दिले, आणि दोघांचा मिळून एक वारसा झाला.

म्हणून मित्रांनो, तुमच्या वर्गात उद्या दुसऱ्या गावाहून एखादा नवा मुलगा आला, तर तो रिकाम्या हातांनी आला असे समजू नका. त्याला आपल्याजवळ बसायला जागा द्या. त्याला काय येते, ते आधी विचारा.