परदेशी दत्तक आणि आपले कर्तव्य

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका भारतीय दांपत्याचा अर्ज नामंजूर केला. आपल्याच नात्यातले, अमेरिकेत जन्मलेले आणि म्हणून जन्मतः त्या देशाचे नागरिक ठरलेले, परंतु काही महिन्यांचे असतानाच भारतात आणून आपल्या घरी वाढवलेले मूल विधिपूर्वक आपले व्हावे, एवढेच त्या दांपत्याचे मागणे होते. ज्या मुलाला संगोपन व संरक्षण यांची गरज आहे, अथवा ज्याचा कायद्याशी संघर्ष झाला आहे, अशा मुलांसाठी बाल न्याय अधिनियम आहे. परदेशी नागरिक असलेले आणि या दोन्ही वर्गांत न मोडणारे मूल, मग ते नात्यातले का असेना, त्या अधिनियमान्वये दत्तक देण्याची तजवीज नाही, असे मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्कही कोणास नाही, आणि म्हणून प्रथम अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे दत्तविधान पुरे करून नंतरच त्याला भारतात आणण्याचा मार्ग धरावा, असा त्या निकालाचा आशय आहे.

हा निकाल वाचून ज्यांचे मन हळहळले असेल त्यांच्यात मीही आहे. तरी तो अन्यायाचा आहे असे मला वाटत नाही. मुंबईच्या दहिसरसारख्या उपनगरात, जेथे कांदरपाड्यापासून रावळपाड्यापर्यंत कितीतरी घरांतील मुलगा किंवा लेक आज परदेशी नांदत आहे, तेथे हा प्रश्न कोणा दूरच्या दांपत्याचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. भावाचे मूल बहिणीच्या ओटीत घालावे, चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने दत्तकपत्र लिहावे, निबंधकाच्या कचेरीत ते नोंदवावे आणि मूल विमानात बसवून घेऊन जावे, इतका हा व्यवहार सोपा आहे अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही आढळते, आणि या समजुतीपायीच अनेक सद्भावनेची दांपत्ये वकिलातीच्या दारात अडून बसतात.

या समजुतीचे मूळ आपल्या इतिहासात आहे. महाराष्ट्राने दत्तक हा विषय प्रथम ओळखला तो वंशाचा आणि दौलतीचा प्रश्न म्हणून. साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्युशय्येवर घेतलेले दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने १८४८ साली ते राज्य खालसा केले. झाशीच्या गादीची तीच गत झाली. पुढे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक येऊन शाहू महाराज झाले. या दोन दत्तकांनी महाराष्ट्राचे कल्याण केले हे निर्विवाद असले, तरी त्या विधीचा हेतू गादीला वारस मिळावा हाच होता. ज्याला आई-बाप नाहीत त्याला आई-बाप मिळावेत, हा दुसरा आणि अधिक उदात्त हेतू आपल्या समाजात रुजवला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे एका विधवा स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला आपला पुत्र मानून त्याला डॉक्टर केले. पंढरपुरास प्रार्थना समाजाने चालवलेल्या बालकाश्रमाने हीच परंपरा पुढे नेली. आजचा दत्तकाचा कायदा या दुसऱ्या परंपरेचा वारसदार आहे. आपली मने मात्र अजून पुष्कळशी पहिल्या परंपरेत वावरतात.

परदेशी दत्तकाला स्वतंत्र कायद्याची गरज का पडली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम हिंदूंपुरताच होता. म्हणून परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालकत्वाचा हुकूम मिळवून मूल आपल्या देशी नेत आणि तेथे दत्तक घेत. सर्वांना लागू पडेल असा दत्तकाचा कायदा करण्यासाठी संसदेत १९७२ आणि १९८० साली विधेयके आली, पण ती तडीस गेली नाहीत. या पोकळीत दलाल शिरले नसते तरच नवल. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून, भारतीय मुले परदेशी दत्तक देण्याच्या कामात काही संस्था करीत असलेल्या गैरव्यवहारांची तक्रार केली. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निर्णयाने या व्यवहाराला प्रथमच शिस्त लागली. मुलासाठी प्रथम आपल्याच देशात घर शोधावे, ते न मिळाल्यास परदेशी पाठवावे, परदेशी दांपत्याची शिफारस मान्यताप्राप्त संस्थेनेच करावी, आणि जन्मदात्या आईला निर्णयाचा फेरविचार करण्यास अवधी द्यावा, ही तत्त्वे तेथून आली. त्यातूनच १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन यंत्रणा, म्हणजे आजची ‘कारा’, उभी राहिली. परदेशी दत्तकाविषयीच्या २९ मे १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने कारास वैधानिक प्राधिकरणाचा दर्जा दिला. कायदा झाला म्हणून पाप संपले असे मात्र नाही. पुण्याच्या प्रीत मंदिर या संस्थेच्या दत्तक व्यवहारांची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली, ही गोष्ट फार जुनी नाही.

आता दहिसरला वाढलेले, परदेशी स्थायिक झालेले आणि विवाहानंतर दोन वर्षांहून अधिक काळ लोटलेले एखादे निरपत्य दांपत्य कल्पनेत घ्यावे आणि त्याचा मार्ग पाहावा. त्या देशातील अधिकृत दत्तक संस्था किंवा तेथील मध्यवर्ती प्राधिकरण प्रथम त्यांच्या घरी येते, त्यांचे उत्पन्न, आरोग्य, स्वभाव, परस्परांतील स्नेह आणि शेजारपाजार यांचा तपास करते आणि गृह अभ्यास अहवाल तयार करते. तो देश हेग करारात नसेल तर हे काम भारतीय वकिलातीमार्फत चालते. कारास अहवाल पोचल्यावर त्यांचे नाव प्रतीक्षायादीत येते. भारतीय नागरिकत्व कायम ठेवलेल्या दांपत्याला येथील रहिवाशांच्या बरोबरीचा प्राधान्यक्रम मिळतो. ते नागरिकत्व सोडलेल्यांचा क्रम त्यामागून येतो. दोघांच्या वयाची बेरीज मुलाच्या वयाप्रमाणे ठरवून दिलेल्या मर्यादेत बसावी लागते. दोन वर्षांच्या आतील मूल हवे असेल तर ती बेरीज पंच्याऐंशीच्या पलीकडे जाता कामा नये. पुढे मुलाची माहिती, छायाचित्र व वैद्यकीय अहवाल समोर आला, की दोन्ही देशांच्या प्राधिकरणांची संमती, काराचे ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, नवा जन्मदाखला, पारपत्र आणि व्हिसा असा क्रम लागतो. मूल परदेशी पोचल्यावरही तपास थांबत नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी त्याच्या कुशलाचा अहवाल भारतात पाठवावा लागतो.

एवढ्या दस्तऐवजांच्या ओझ्याखाली त्या दांपत्याचे वात्सल्य गुदमरते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्या तक्रारीमागची व्याकुळता खरी आहे. संततीच्या आशेने आधीच रुग्णालयांचे उंबरठे झिजवलेल्या स्त्रीला आपण आई होण्यास लायक आहोत हे परक्या माणसापुढे पुन्हा सिद्ध करावे लागते, यातले दुःख पुरुषांनी तर कधीच हलके लेखू नये. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे, की या तपासातील एकही पायरी कमी होऊ नये. येथे ज्याचे सर्वस्व पणाला लागते ते मूल स्वतः अर्ज करू शकत नाही, हरकत घेऊ शकत नाही आणि परक्या देशात गेल्यावर कैफियत मांडायला परतही येऊ शकत नाही. त्याच्या वतीने शंका घेण्याचे काम सरकारने केले नाही तर ते दुसरे कोणीही करणार नाही. नेदरलँड्सने जुने गैरप्रकार उघडकीस आल्यावर २०२१ साली परदेशी दत्तक स्थगित केले आणि दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ साली आपल्याच राज्यकर्त्यांचे अपराध नोंदवले, याचे कारण त्या काळी तपास कमी पडला हेच होय.

परंतु तपास वेगळा आणि दिरंगाई वेगळी. दहिसरच्या नाक्यावर खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेला जसे कोणी तपासणी म्हणणार नाही, तसेच मेजावर पडून राहिलेल्या प्रकरणाला कोणी दक्षता म्हणू नये. कायद्याने मुदती आखून दिल्या आहेत. आईने स्वाधीन केलेल्या मुलाच्या बाबतीत तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. बेवारस सापडलेले मूल दोन वर्षांच्या आतील असेल तर बाल कल्याण समितीने दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मुक्त घोषित करावयाचे असते. आणि १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयांऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आलेले दत्तक आदेशाचे प्रकरण त्यांनी दोन महिन्यांत निकालात काढावयाचे असते. या मुदती रास्त आहेत. मात्र आपल्या उपनगरांपुरते बोलायचे, तर जमीनमहसूल, निवडणुका आणि पुनर्वसन यांचा भार वाहणाऱ्या वांद्रे येथील जिल्हाधिकारी कार्यालयाला दत्तकासाठी स्वतंत्र अधिकारी आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते दिल्याशिवाय त्या कागदावरच्या मुदतींना अर्थ येणार नाही. दत्तक आदेश देण्याचा अधिकार कायद्याने अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही दिला आहे. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात एका अपर दंडाधिकाऱ्याकडे ही प्रकरणे प्राधान्याने सोपवण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दिरंगाईचे दुसरे आणि अधिक गंभीर ठिकाण त्याआधीच्या टप्प्यावर आहे. २०२४-२५ या वर्षी कारामार्फत देशात ४,५१५ दत्तविधाने झाली आणि त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. राज्यांमध्ये महाराष्ट्र या कामी सातत्याने अग्रेसर राहिला आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण प्रतीक्षेतील अर्जदार तीस हजारांच्या वर असताना आणि लहान मुलासाठी तीन-तीन वर्षे थांबावे लागत असताना, दत्तकासाठी मोकळी झालेली मुले त्या मानाने अगदी थोडी आहेत. बालगृहांत अशी मुले आहेत ज्यांना भेटायला वर्षानुवर्षे कोणीही येत नाही, आणि तरी त्यांची नोंद कोणत्याही दत्तक संस्थेच्या दप्तरी पोचलेली नाही. अशी मुले शोधून काढण्यासाठी दर दोन महिन्यांनी मोहीम घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फर्मावले. त्या मोहिमेचा हिशेब जिल्हावार प्रसिद्ध झाला पाहिजे. परदेशी जाणाऱ्या मुलांत मोठ्या वयाची, भावंडांसह असलेली किंवा आजार व अपंगत्व असलेली मुलेच पुष्कळ असतात, हेही आपण निरोगी तान्ह्या मुलासाठी रांग लावताना आठवावे; ज्यांना येथे घर मिळाले नाही त्यांना ते तेथे मिळते, हा त्या परदेशी दांपत्यांचा आपल्यावरचा उपकार आहे आणि आपल्या समाजमनाचा तो उणेपणाही आहे.

आणखी एक हक्क या चर्चेत विसरला जातो. १९७३ साली पुण्याहून जर्मनीत दत्तक गेलेल्या एका बालकाने प्रौढपणी आपल्या जन्मदात्या आईचा शोध घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि कित्येक वर्षे तो झगडला. आजच्या नियमांत मुळांचा शोध घेण्याची तरतूद आहे. पण संस्थेने जुने दप्तर जपलेच नसेल तर त्या तरतुदीचा काय उपयोग? जन्मदात्या आईचे नाव गुप्त राखण्याचे वचन पाळूनही दप्तर अखंड राखता येते, आणि ते तसे राखले जाते की नाही याची वार्षिक तपासणी झाली पाहिजे.

माझ्या वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांच्या घरात दत्तकाची गोष्ट निघाली आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. नात्यातले मूल घ्यावयाचे असले तरी केवळ नोंदणीकृत दत्तकपत्रावर विसंबू नका. काका, मामा, आत्या, मावशी आणि आजी-आजोबा यांनाच बाल न्याय अधिनियम नातलग मानतो, हे आधी पाहून घ्या. मूल कोणत्या देशाचे नागरिक आहे, दांपत्य कोणत्या देशाचे आहे आणि ते कोठे नांदणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे काराकडून लेखी मिळवल्याखेरीज त्या मुलाला एका घरातून दुसऱ्या घरात हलवू नका. हिंदू कायद्याखाली आधीच दत्तक घेतले असेल, तर २०२१ साली आलेल्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवा. दलालाला, मग तो डॉक्टर असो की वकील, एक पैसाही देऊ नका. मुलाच्या बदल्यात पैसा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत. आणि सरकारला मागणे एवढेच, की मुलाच्या हितासाठी हवा तितका कठोर तपास करावा, पण स्वतःच आखलेली मुदत एका दिवसानेही ओलांडू नये. कारण तेथे ओलांडला जाणारा प्रत्येक दिवस त्या मुलाच्या बालपणातून वजा होतो.