थांबलेल्या गाडीचा पगार

‘अमेरिकेत ऑइलफिल्डवर ट्रक चालवा, महिन्याला लाखो कमवा’ अशा धर्तीच्या रील्स हल्ली ढाब्यावरच्या बाजेवर लवंडलेल्या प्रत्येक चालकाच्या मोबाइलवर दिसतात. चकचकीत पीटरबिल्ट, मागे खनिज तेलाचा टँकर आणि पडद्यावर ठळक अक्षरात डॉलरचा आकडा. तो आकडा खोटा असतोच असे नाही. त्यातून हातात काय उरते, हे मात्र रीलमध्ये कधी येत नाही. आमच्या वाचकांत चालक आहेत, गाडीमालक आहेत, आखातात जाण्यासाठी एजंटाच्या दारात उभी असलेली तरुण पोरेही आहेत. तिघांच्याही उपयोगाचा म्हणून हा तेलक्षेत्राचा हिशेब यंदा मांडतो आहोत.

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने मे २०२३ साठी जड ट्रकच्या चालकांचे मध्यक वार्षिक वेतन ५४,३२० डॉलर दिले होते. म्हणजे निम्म्या चालकांना याहून कमी, निम्म्यांना याहून जास्त. तेव्हाच्या ८३ च्या दराने हे ४५ लाख रुपये होतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे पांढरे होतात. पण रुपयाने गुणायचे ते घरी पाठवायला उरलेल्या डॉलरना. भाडे, जेवण, डॉक्टर, विमा हे सगळे तिथे डॉलरमध्येच जाते. तेलक्षेत्रात या मध्यकापेक्षा बरेच जास्त मिळू शकते, आणि त्याला कारण आहे. शेल खडकातून तेल काढायचे तर विहिरीत वाळू आणि पाणी प्रचंड दाबाने सोडावे लागते. ती वाळू, ते पाणी, पाइप, यंत्रे आणि नंतर वर आलेले तेल व खारे पाणी या सगळ्याच्या मिळून एका विहिरीमागे ट्रकच्या हजाराहून अधिक फेऱ्या होतात. विहिरी ओसाड माळावर, रस्ते कच्चे आणि कंपनीला घाई. अशा ठिकाणी माणूस आणायचा तर दर चढाच द्यावा लागतो.

नॉर्थ डकोटा राज्यातले विलिस्टन हे गाव याचे चांगले उदाहरण आहे. २०१० च्या जनगणनेत तिथे १४,७१६ माणसे होती, २०२० च्या जनगणनेत २९,१६०. मधल्या काळात बाकेन क्षेत्रातल्या तेलाने राज्याचे उत्पादन २०१४ मध्ये दिवसाला दहा लाख बॅरलच्या वर गेले. देशभरातून बेकार माणसे पिकअप गाड्या घेऊन आली. काम लगेच मिळत होते, छप्पर मिळत नव्हते. २०१४ च्या सुरुवातीला एका घरभाडे कंपनीच्या पाहणीत तिथल्या सातशे चौरस फुटांच्या, एका बेडरूमच्या घराचे सरासरी भाडे महिन्याला २,३९४ डॉलर निघाले. त्या पाहणीत हे गाव साऱ्या अमेरिकेत सर्वांत महाग ठरले, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को त्याच्या मागे. शून्याखाली तीस अंशांपर्यंत पारा उतरणाऱ्या हिवाळ्यात माणसे वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपत. एका पाद्रीबाबांनी चर्चची जमीन झोपायला मोकळी करून दिली, तर गाव त्यांच्यावरच उठले. ‘द ओव्हरनाइटर्स’ हा २०१४ चा माहितीपट त्याच घडामोडीवर आहे. ज्यांना कंपनीने ‘मॅन कॅम्प’मध्ये जागा दिली ते सुदैवी. पत्र्याची अरुंद खोली, सामायिक मेस, बऱ्याच कॅम्पांत दारूला बंदी. पण खाट आणि गरम जेवण कंपनीच्या खर्चात.

ही खाट पगारात मोजा, असे आमचे पहिले सांगणे. दोन नोकऱ्या समजा. आकडे आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. पहिलीत तासाला २८ डॉलर आणि राहण्याची सोय स्वतःची. दुसरीत तासाला २४ डॉलर आणि कॅम्पमध्ये खाट-जेवण फुकट. दोन्हींत आठवड्याला ७० तास, तीन आठवडे काम आणि चौथा घरी. पहिल्या नोकरीत महिन्याला ५,८८० डॉलर हाती येतात आणि विलिस्टनचे ते भाडे वजा केले की ३,४८६ उरतात, तेही जेवणाआधी. दुसरीत ५,०४० येतात आणि जवळजवळ तेवढेच राहतात. कर दोन्हीकडे कापला जाईल, पण फरकाची दिशा बदलणार नाही. तासाला चार डॉलर कमी घेणारा महिन्याला दीड हजार डॉलर जास्त घेऊन घरी जातो. जाहिरातीत अर्थातच २८ चा आकडा मोठ्या अक्षरात असतो.

यात ओव्हरटाइम कुठे गेला, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या १९३८ च्या किमान वेतन कायद्यात आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट मजुरीची सोय आहे, पण राज्याराज्यांतल्या व्यापाराचा माल वाहणाऱ्या जड ट्रकचालकांना त्यातून वगळलेले आहे. मालक देतो म्हणाला तर मिळते, कायद्याने मागता येत नाही. २८ डॉलरच्या नोकरीत याने आठवड्याला ४२० डॉलरचा फरक पडतो. गंमत अशी की आपला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा उदार होता. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जास्तीच्या तासांना दुप्पट दर. आमच्या चालक वाचकांपैकी कितीजणांच्या हातात ती दुप्पट मजुरी कधी पडली, हे मालक वाचकांनीच सांगावे.

चालकाला ‘कंत्राटदार’ ठरवून कामावर घेण्याची चाल तिथेही आहे. तसे केले की सामाजिक सुरक्षा आणि वैद्यकीय निधीचा मालकाचा वाटाही चालकाच्याच बोकांडी बसतो. नोकराकडून ७.६५ टक्के जातात, कंत्राटदाराकडून १५.३ टक्के. दर दोन डॉलरने वाढवून दिला, एवढ्यावर खूश होणाऱ्याचे दोन डॉलर इथेच परत जातात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ते आहे थांबण्याचे. तेलक्षेत्रातला चालक गाडी चालवतो त्याहून कितीतरी वेळ गाडीत बसून असतो. विहिरीवर वाळू उतरवायला रांग, खारे पाणी जिरवण्याच्या विहिरीवर रांग, तेल ओतायच्या स्टेशनावर रांग. समजा खेपेला १५० डॉलर ठरले आहेत. चौदा तासांच्या दिवसात चार खेपा झाल्या तर तासाला ४३ डॉलरच्या जवळ पडले. दोनच झाल्या तर २१. गाडी तीच, माणूस तोच, विहीर तीच. फक्त पुढे उभ्या ट्रकांची संख्या वेगळी. खेपेच्या दरात हा रांगेचा धोका कंपनीने अलगद चालकाच्या अंगावर टाकलेला असतो. शिवाय नॉर्थ डकोटात दर वसंतात बर्फ वितळून रस्ते मऊ पडतात, तेव्हा सरकार भाराची मर्यादा खाली आणते आणि खेपेवर जगणाऱ्याची कमाई त्या आठवड्यांत आणखी आटते.

तिथल्या सरकारी नियमांनीही या थांबण्याला वेगळी वागणूक दिली आहे. सर्वसाधारण ट्रकचालकाला ११ तास चालवण्याची आणि १४ तासांच्या दिवसाची मर्यादा आहे, आणि आठवड्याचे तास पुन्हा शून्यापासून मोजायचे तर सलग ३४ तास सुट्टी लागते. तेलक्षेत्रासाठी ही सुट्टी २४ तासांवर आणली आहे. त्याहून मोठी सवलत म्हणजे विहिरीवर काम करणाऱ्या खास यंत्रगाड्यांच्या प्रशिक्षित चालकांचा थांबलेला वेळ कामाच्या तासांत धरतच नाहीत. पाणी आणि वाळू वाहणाऱ्यांनाही हे लागू करण्याचा मोह कंपन्यांना झाला, तेव्हा २०१२ मध्ये संघीय यंत्रणेला स्पष्ट करावे लागले की त्यांना ही सवलत नाही. ही सवलत कागदावर मालकाला सोयीची आहे. चालकाच्या बाजूने पाहिले तर वीस तास जागा असलेला माणूस नोंदवहीत ताजातवाना दिसतो. अमेरिकेत तेल-वायू उत्खननातल्या कामगारांच्या कामावरच्या मृत्यूंत वाहन अपघातांचा वाटा वर्षानुवर्षे चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. ब्लोआउट आणि आगीच्या बातम्या होतात, माणसे रस्त्यावर मरतात.

आणि रस्त्याबाहेरही. कच्चे तेल भरणारा चालक विहिरीशेजारच्या टाकीवर जिना चढून जातो. माथ्यावरचे झाकण उघडतो, आत पट्टी सोडून तेलाची पातळी मोजतो, नळीने नमुना काढतो, तापमान आणि तळचे पाणी बघतो आणि मग साधारण १८० ते २०० बॅरल, म्हणजे तीस हजार लिटरच्या आसपास तेल भरून घेतो. रात्री दोन वाजता, एकटाच. झाकण उघडताक्षणी दाबाखाली साठलेली वाफ तोंडावर येते आणि तिथली हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही. २०१० ते २०१४ या काळात अशा झाकणाशी नऊ कामगार मेले, हे अमेरिकी आरोग्य संस्थांनी २०१६ च्या इशाऱ्यात नोंदवले. यांतल्या काहींचा मृत्यू आधी हृदयविकारावर घातला गेला होता. चढ्या दरात या जिन्याचीही किंमत धरलेली असते. ती पुरेशी आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्यापूर्वी जिना माहीत हवा.

चढा दर टिकतो किती, हा पुढचा प्रश्न. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेले तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली गेले. विलिस्टनचे भाडे कोसळले, नगरपालिकेने मॅन कॅम्प बंद करायला घेतले आणि तेजीच्या पगारावर नवी पिकअप आणि घर घेतलेले चालक हप्त्यांसकट अडकले. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या पर्मियन खोऱ्यात मिडलंड, ओडेसा, पेकॉस या गावांनी हेच चक्र बघितले आहे. आता तिथे आणखी एक गोष्ट घडते आहे. वाळू वाहायला एका कंपनीने ४२ मैल लांबीचा सरकता पट्टा टाकला असून २०२५ पासून तो सुरू आहे. त्याच कंपनीच्या वाळूच्या फेऱ्या बिनचालकाचे ट्रकही करू लागले आहेत. खारे पाणी नळाने जाण्याचे प्रमाण वाढते आहे. ज्या कामात चालक दोन-तीन वर्षे भरपूर कमावतो, तेच काम चालकाविना करायला कंपनीला सर्वांत जास्त फायदा असतो. म्हणून तेलक्षेत्राचा पगार वर्षाच्या उत्पन्नाला धरू नये, हंगामाच्या कमाईला धरावा आणि त्यावर दहा वर्षांचा हप्ता बांधू नये.

आपल्या वाचकांसाठी अमेरिकेचे दार सध्या तसेही बंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने व्यावसायिक ट्रकचालकांना कामगार व्हिसा देणे थांबवले. त्यामुळे ‘टेक्सासची गॅरंटी’ देणाऱ्या एजंटाला पैसे देणे म्हणजे ते विहिरीत टाकणे. आखाताचे दार उघडे आहे आणि तिथे हाच हिशेब जशाच्या तसा लागू पडतो. खाट कोणाची, जेवण कोणाचे, तिथला जड वाहनाचा परवाना काढेपर्यंत पगार चालू की बंद, परवान्याच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, वर्षातून घरी येण्याचे तिकीट कोणाचे, आणि गाडी रांगेत उभी असताना मीटर चालू की बंद. हे करारात लिहून घ्यावे. नोंदणीकृत एजंटाची फी कायद्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. लाख-दीड लाख मागणारा नोंदणीकृत असो वा नसो, त्याच्या दारातून परत फिरावे. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाचे नाव तपासायला पाच मिनिटे पुरतात.

गाडीमालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोपासून उरणच्या बंदरापर्यंत आपल्याकडेही नंबर लागेपर्यंत गाडी उभी राहते. कधी एक रात्र, कधी दोन. माल पाठवणाऱ्या कंपनीकडून हॉल्टिंग वसूल करताना आपण तास मोजतो, भांडतो, बिलावर शिक्का घेतो. चालकाला त्यातले काय मिळते? बऱ्याच गाड्यांवर खुराकीचे दोनतीनशे रुपये आणि ‘बघू नंतर’. गाडी उभी राहिली तर मालकाचा हप्ता थांबत नाही, हे आम्हाला मान्य आहे. बँक हॉल्टिंग ओळखत नाही. पण चालकाच्या घरचे भाडे आणि शाळेची फीही थांबत नाही. चालक मिळत नाहीत, ही तक्रार आमच्याकडे दर महिन्याला येते. ज्या मालकांकडे चालक टिकून आहेत त्यांच्या कागदपत्रांत आम्हाला एक गोष्ट सारखी दिसली आहे. ट्रिपचा दर इतरांएवढाच असतो, उभ्या गाडीचा दर मात्र ठरलेला असतो आणि तो पोच मिळताच चुकता होतो.

तेव्हा गाडीमालकांना विनंती अशी की नव्या आर्थिक वर्षाच्या बिलबुकात हॉल्टिंगच्या रकान्याखाली चालकाचा वाटा असा आणखी एक रकाना छापून घ्यावा. आम्ही सुचवतो तो वाटा निम्मा. कमी ठेवायचा असेल तर ठेवा, पण छापील असू द्या. आणि चालक मित्रांनो, गेल्या कुठल्याही एका महिन्याचा तुमचा हिशेब आम्हाला लिहून पाठवा: चालवलेले तास, थांबलेले तास, ट्रिपचे पैसे, भत्ता, वाटेतला खर्च आणि घरी नेलेली रक्कम. मालकाचे नाव नको, गाडीचा नंबर नको. येणारे हिशेब पुढील अंकापासून छापू.