बॅच प्रोसेसिंग आणि कार्प मासा

इथे इंग्लंडात गळाच्या स्पर्धेतला कार्प (आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद) कोणी खात नाही, वजन करून तळ्यात सोडतात. त्याचं कौतुक तर विचारू नका! पण तोवर तो पाच-पाच तास काठाशी टांगलेल्या जाळीच्या पिशवीत, म्हणजे कीपनेटमध्ये. का? तर वजन शेवटी एकदाच करायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅच प्रोसेसिंग म्हणतो. फक्त आमच्या रेकॉर्डला कल्ले नसतात राव.

गेल्या ऑगस्टमधली स्पर्धा. रणरणतं ऊन, वारा ठप्प. मका, पेलेट, अळ्या, सगळं करून झालं, मासा तोंड लावेना. पाच तासांत कार्प तीन. पहिला वीस मिनिटांत लागला, म्हणजे तो साडेचार तासांहून जास्त कैदेत. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो: 10 अंशाला लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 25 अंशाला जेमतेम 8.

गंमत म्हणजे याच तळ्यावर एरवी हौशी लोकांना कीपनेट बंद, तशी पाटीच आहे. स्पर्धेला मात्र चालतं. माशाला काय कळतं, आज स्पर्धा आहे ते?

म्हणे, "दर वेळी वजन कोण करत बसणार?" अहो, मोठ्या कार्पच्या स्पर्धांत पंच येऊन लगेच वजन करतातच की! शंभर चिल्लर मासे असतील तर कटकट, मान्य. पण तीन कार्प? एक स्प्रिंगचा काटा आणि साक्षीला शेजारच्या पेगवरचा गडी (पेग म्हणजे बसायची जागा, भलतं नको). त्या दिवशी तर तो रिकामाच बसला होता.