उरलेला घास आणि माझी वही



"मी तर काहीच खात नाही गं, तरी वजन वाढतंच!" हे वाक्य मंदिरातून परतताना आपण कितीदा ऐकतो, बोलतोही. मीही बोलायचे. मग गुडघे कुरकुरू लागले, डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं, तेव्हा सुनेने एक कोरी वही हातात दिली. म्हणाली, "आई, आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहा. बंद काहीच करू नका."

मला हसू आलं. चौविहार करणारी, बाहेरचं न खाणारी बाई मी. लिहिणार काय?

तिसऱ्या दिवशी हसू मावळलं. माझं जेवण बेताचंच होतं. पण नातवाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची खीर, यांच्या वाटीतला आमरस... उष्टं टाकलं की जीवहिंसा, म्हणून घरभराचं उरलेलं माझ्या पोटात! सूर्यास्ताआधी "रात्री भूक लागेल" या धास्तीने दोन घास जास्त. अष्टमीला हिरवी भाजी नाही, म्हणून गट्ट्याची भाजी, पापड, तूप लावलेले खाखरे. एक छोटा चमचा तूप म्हणजे साधारण ४५ कॅलरी. त्या अष्टमीला मी सात चमचे मोजले. नियम एकही मोडला नव्हता, पण संयम कुठे होता?

माझं स्पष्ट मत झालंय: अन्न वाया घालवू नये हा नियम वाढताना पाळायचा, आवरताना नाही. आता मी नातवाला पाव पोळी वाढते. हवी तर तो पुन्हा मागतो.

आपल्या सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास सांगितला आहे. म्हणजे घास मोजण्याची दृष्टी आपल्याला नवी नाही. वही तेच काम करते. अमेरिकेत २००८ साली सुमारे १७०० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरलं होतं.

लिहायची रीत सोपी आहे. काय, किती, किती वाजता, आणि खरंच भूक होती का, एवढंच. खाल्ल्याबरोबर लिहावं. रात्री आठवून लिहिलं की चाखलेलं हमखास सुटतं. आलोचनेत आपण दोष न लपवता सांगतो, तसंच इथे. एखाद्या दिवशी चार लाडू झाले तर चार लिहावे. स्वतःला शिव्या घालू नयेत आणि दुसऱ्या दिवशी उपाशीही राहू नये.

एक मात्र कळकळीने सांगते. उपवास, आयंबिल यांना वजन उतरवण्याचं साधन करू नका. तप कर्मनिर्जरेसाठी आहे, काट्यासाठी नाही. आणि साखरेची गोळी चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चार महिन्यांत माझं वजन साडेतीन किलो उतरलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे "मी काहीच खात नाही" हे खोटं बोलणं सुटलं. घरातली एखादी अर्धी भरलेली वही काढा आणि उद्याच्या नवकारशीपासून सुरुवात करा.