सहाव्या आठवड्याचा प्रश्न

मांडीचे हाड मोडलेला रुग्ण सहा आठवड्यांनी फोटो दाखवायला येतो. हाड जुळत आलेले असते. 'बरं हाय जी,' तो म्हणतो. सोबत आलेली बायको हळूच सांगते, 'रातच्यानं दचकून उठते, गाडीवर बसाले नाही म्हणते.' आपण पुढची तारीख लिहून देतो. चुकते ते इथेच.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ते वेगवान झाले, शस्त्रक्रियाही सुधारल्या. जखमीच्या मनाची विचारपूस मात्र मागेच राहिली. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ जण जखमी झाले. दुचाकीला हात लावायची धास्ती बसलेल्या माणसाचा बाजार बुडतो, मजुरी बुडते, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात.

अपघातानंतरचे पहिले काही दिवस भीती, निद्रानाश स्वाभाविक असतात. बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. आघातोत्तर ताणविकाराचे निदान महिना उलटल्यावरच करता येते. रस्ते अपघातग्रस्तांसाठीच्या केंद्राच्या २०२५च्या योजनेतले दीड लाखापर्यंतचे विनारोकड उपचार मात्र सातव्या दिवशी संपतात. म्हणून सहाव्या आठवड्याची आपली ओपीडी मोलाची आहे. तिथे चारच गोष्टी विचारा: अपघात स्वप्नात किंवा डोळ्यांपुढे येतो का? तो रस्ता, ते वाहन टाळता का? हॉर्नने दचकता का? मन उदास, अलिप्त झाले आहे का? डोक्याला मार असेल, तर चिडचिड आणि विसराळूपणाची मेंदूच्या अंगानेही तपासणी करा.

घाईही नको. अपघाताची हकीकत एकाच बैठकीत वदवून घेतलेले, सुरुवातीला जास्त त्रास असलेले रुग्ण तीन वर्षांनीही तशा बैठकीविना राहिलेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते, असे ऑक्सफर्डच्या २०००च्या अभ्यासात दिसले. झोपेसाठी अल्प्राझोलाम महिनोन्महिने चालू ठेवणे हाही उपचार नव्हे. आघातकेंद्री मानसोपचाराने गुण येतो; त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या.

आणि लक्षणे केसपेपरवर तारखेसह नोंदवा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेदना आणि आघात हे भरपाईचे स्वतंत्र कलम मानले आहे. नोंदच नसेल, तर दाव्यात दाखवायचे काय?

या महिन्यापासून फ्रॅक्चरच्या प्रत्येक फेरतपासणीत हे चार प्रश्न विचारायला सुरुवात करा, ही आमची कळकळीची विनंती.